भुसेवाल्या रामहरीचा गवा

सोलापुरात मंगळवार पेठेमागच्या एका बोळात रामहरी गाद्या भरत बसायचा. गिरणीतून निघालेला टाकाऊ कापूस पिंजायचा, खोळीत ठासायचा आणि दाभणानं टाके घालायचा. त्याच्या हातच्या गादीत वर्षानुवर्षं गोळे व्हायचे नाहीत. तरी त्याला गादीवाला म्हणून कुणी हाक मारली नाही. सगळा बोळ त्याला भुसेवाला म्हणायचा, कारण तरुणपणी तो मेलेल्या जनावरांत भुसा भरायचा. ते काम त्यानं का सोडलं, हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो दाभण दातांत धरायचा आणि तोंड फिरवायचा. ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते चावडीवर बसून भरपूर बोलत होते. म्हणून जे झालं ते एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

रामहरी मूळचा माढ्याकडचा. बाप लवकर गेला. धाकटा भाऊ भीमा तेव्हा एवढासा होता, त्याला कडेवर घेऊनच हा सोलापुरात आला. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली कातडं कसं सोडवायचं, मीठ-तुरटी कशी चोळायची, कीड लागू नये म्हणून सोमलाचं विष कसं जपून लावायचं, हे सगळं शिकला. भीमाला त्यानं वाढवलं, गिरणीच्या गोदामात हमालीला लावलं, वच्छलेशी त्याचं लग्न करून दिलं. दोघं भाऊ, दोघी जावा, एकच चूल.

हात चांगला होता त्याचा. विशेषतः काळवीट. माढ्याच्या माळावर त्यानं काळविटांचे कळप लहानपणापासून पाहिले होते. नर मान कशी मागं टाकतो, पळण्याआधी कसा थबकतो, हे त्याच्या डोळ्यांत बसलं होतं. त्यानं भरलेला काळवीट दिवाणखान्यात ठेवला की पाहुण्यांची पोरं त्याच्यापुढं गवत धरायची. पण घाटातली जनावरं त्याच्याकडं यायची ती मीठ लावून, घडी घालून, पोत्यातून. ती तो अंदाजानं भरायचा. त्याच्या एका बिबट्याकडं बघून लोक म्हणायचे, ह्यानं आत्ताच कुणाचं तरी दूध सांडलेलं दिसतंय.

बिबट्या होता आबासाहेबांचा. आबासाहेब म्हणजे अक्कलकोटच्या वाटेवरचे एक इनामदार. शिकारीचा नाद मोठा, आणि नादापेक्षा त्याची वर्णनं मोठी. त्यांनी एकदा घाटातून गव्याचं डोकं आणलं. रामहरीनं महिनाभर खपून ते भरलं. चार मंडळींसमोर आबासाहेब त्याच्याकडं वळून म्हणाले, "रामहरी, हा गवा आहे, की मैंदर्गीच्या बाजारात दात बघून घेतलेली म्हैस?"

मंडळी हसली. रामहरीही हसला, न हसून सांगतो कुणाला? पण ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं रुतलं. जेवताना बायकोला, मथुराबाईला, तो म्हणाला, "एकडाव जिता गवा बगायचाय मला. मारायचा न्हाय, काय न्हाय. नुसता बगायचाय." मथुराबाईनं भाकरी वाढली.

सोलापुरातला तीस सालचा लष्करी कायदा उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरात्र उठलं आणि आबासाहेबांचा निरोप आला. घाटात निघालोय, तिथल्या दमट हवेत कातडं हां हां म्हणता सडतं, तू बरोबर चल. निरोप्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच रामहरी व्हय म्हणून बसला होता. मिठाची आणि तुरटीची पोती वाहायला माणूस लागणार, म्हणून त्यानं भीमाला बरोबर घ्यायचं ठरवलं. भीमाला जंगलाची हौस नव्हती. पण दादा म्हणाला म्हणजे झालं, अशी त्याची रीत.

वच्छलेला ते पसंत नव्हतं. आता हे सांगायला हवं, की वच्छला रामहरीशी कधी बोलत नसे. थोरल्या दिराशी तोंडासमोर बोलायचं नाही, ही त्या घरातली चाल. डोक्यावर पदर घेऊन ती दाराआड उभी राहायची आणि जे सांगायचं ते जावेला सांगायची. दीर चार हातांवर बसलेला असला तरी.

"आक्का, त्यांना म्हनावं, ह्यांना न्हेऊ नका," ती दाराआडून म्हणाली. "तितल्या वाटा लई निसरड्या असत्यात म्हनं."

रामहरी उंबऱ्यावरच बसला होता. त्यानंही बायकोकडंच बघून सांगितलं, "तिला सांग, जसा न्हेतोय तसा आनून घालतो. माझ्या हातात हाय त्यो."

होटगीला गाडी बदलली. विजापूर गेलं, गदग गेलं, हुबळी गेली, तसतशी माती काळ्याची तांबडी होत गेली आणि डब्यातली मराठी हळूहळू आटून सगळीकडं कानडी झाली. रामहरीला त्याचं काही वाटलं नाही. सोलापूरच्या बाजारात कानडी रोज कानांवर पडते, त्यामुळं आपल्याला ती समजते असं सोलापूरकराला उगीचच वाटत असतं. रामहरीलाही वाटत होतं. प्रत्यक्षात 'बा' म्हणजे ये आणि 'ऊटा' म्हणजे जेवण, एवढ्यावरच त्याची गाडी अडलेली होती.

घाटमाथ्यावर आबासाहेबांनी एक बंगली घेतली होती. तिथं वाट दाखवायला चन्नवीर आला. कड्यांवरची पोळी उतरवून मध काढणारा माणूस, अंगानं काटक, खांद्यावर सदा काथ्याच्या दोराचं वेटोळं. त्याला रेल्वेच्या कामावर असताना कानांवर पडलेली मराठी येत होती, पण प्रत्येक शब्दाला तो उकाराचं शेपूट लावायचा. 'थांबु, बसु, बघु, चलु.' भीमाला त्याची फार गंमत वाटली. पहिल्या दिवशी ताटावर बसताना तो म्हणाला, "दादा, जेवु." चन्नवीरसुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांचा गुडघा धरला. तुम्ही तिघं पुढं जाऊन माग काढा, म्हणाले, गव्यांचा ठिकाणा लागला की मी येतो. बंदूक बंगलीतच राहिली. रामहरीला ते मनातून बरंच वाटलं. नुसतं बघायला जायचं म्हणजे असंच जायला हवं, नाही का?

ते रान सोलापूरच्या माणसानं कधी स्वप्नातही पाहिलं नसेल. ढग वर नव्हतेच, ते झाडांतून चालत होते. खोडांना बोटभर जाडीचं शेवाळ, फांद्यांना लोंबणारी दाढी, आणि पाऊस नसतानाही सगळीकडून टपटप. धोतराला जळवा चिकटत होत्या आणि चन्नवीर त्यांच्यावर तंबाखूचं पाणी पिळत होता. धुक्यात कुणीतरी उनाड पोरानं मारावी तशी शीळ आली. चन्नवीर म्हणाला, ते पाखरू आहे. मग डोक्यावरून आगगाडी जावी तसा घोंघाट करत धनेश पाखरांची जोडी गेली, दिसली मात्र नाही. शेकरू दिसलं. तांबूस अंगाचं, शेपूट हातभर, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर असं गेलं की भीमा तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

"दादा, हे वच्छीला सांगितलं तर म्हनंल, थापा मारताय," तो म्हणाला. त्याचा चेहरा रामहरीला त्या वेळी कडेवरच्या पोरासारखा दिसला. ह्याला आणलं ते बरं केलं, असं त्याच्या मनात आलं.

पुढं वाट एका काळ्या कातळापाशी येऊन थांबली. दोन पुरुष उंचीचा कातळ, वरून पाणी झिरपत होतं, आणि डाव्या अंगाला सरळ घळ. घळीत काय आहे ते धुक्यामुळं दिसत नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज खूप खालून येत होता. चन्नवीर माकडासारखा वर गेला. त्यानं दोर सोडला, तो धरून रामहरी वर चढला. मग चन्नवीरनं दोराचं टोक रामहरीच्या हातात दिलं आणि पुढं माग बघायला गेला.

आता भीमा चढत होता. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं मुळी धरलेली, अंगठ्यानं खाच चाचपत तो एकेक पाऊल घेत होता. मध्यावर येऊन तो म्हणाला, "दादा, दोर नुसता धर. वडू नगस. वडलास तर पाय सुटंल माझा."

"न्हाय वडत. ये तू सावकाश."

एवढ्यात समोरचं धुकं हललं.

आधी ते रामहरीला मोठा धोंडाच वाटला. मग धोंड्याला शिंगं दिसली. शिंगांमधलं भुरकट कपाळ दिसलं, पाठीवरचा उंचवटा दिसला, गुडघ्यांपासून खालचे पांढरे पाय दिसले. गवा होता. भाकरी फेकली तर त्याच्या अंगावर पडेल एवढ्या अंतरावर तो उभा होता आणि नाकातून वाफ सोडत होता. रामहरीचा श्वास अडकला. त्यात भीती होती, आणि खरं सांगायचं तर आनंदही होता. जन्मभराची मागणी पदरात पडत होती.

आणि धुक्यातून चन्नवीर ओरडला, "ओडु! ओडु!"

रामहरीच्या भाषेत ओढ म्हणजे 'वड'. दिवसभर शब्दाशब्दाला शेपूट लावणारा हा कानडी माणूस 'वड'चं 'ओडु' करणार नाही तर काय करणार? रामहरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गवा अंगावर येतोय, भीमाला झटक्यानं वर ओढून घे, असं तो सांगतोय. भीमानं काय सांगितलं होतं ते त्या उजेडात कुठल्या कुठं गेलं. त्यानं दोर दोन्ही हातांनी आवळला, पाय रोवले आणि अंगातला सगळा जोर लावून ओढला.

दोर आला. फार सहज आला. त्याच्या टोकाला कुणी नव्हतं.

खालून ओरडण्याचा आवाज आला नाही. पाण्याचा आवाज होता तसाच चालू राहिला. रामहरी हातात दोर घेऊन उभा होता आणि समोर गवा उभा होता. तो एक पाऊलही पुढं आला नव्हता. त्याचे डोळे काळेभोर होते, कडेला निळसर झाक, आणि त्यांत राग म्हणून नव्हता. माळावरची गाय वाटसरूकडं बघते तसा तो बघत होता. मग त्यानं मान वळवली आणि धुक्यात निघून गेला.

चन्नवीर झाडावरून उतरला तेव्हा त्याला भीमा कुठं दिसेना. रामहरीनं दोर ओढलेला त्यानं पाहिलाच नव्हता, तो आधीच पळून झाडावर चढला होता. तोच घळीत उतरला आणि दुपार कलताना भीमाला पाठीवर घेऊन आला. लाकडं ओली, चिता पेटेना. शेवटी आबासाहेबांच्या कंदिलातलं रॉकेल ओतावं लागलं. रामहरी धुराकडं बघत बसला होता. कुणी काही विचारलं की एकच सांगायचा, "त्यो वड म्हनला. मी गवा बगत ऱ्हायलो. वडायला उशीर केला."

आबासाहेबांनी छातीवर हात मारून सांगितलं, की त्या गव्याला लोळवल्याशिवाय घाट उतरणार नाही. त्यांनी दोन दिवसांनी एक गवा मारलाही. तोच गवा कशावरून, हे कुणी विचारलं नाही. इनामदारांना असं विचारायचं नसतं. कातडं सोडवायला रामहरीच होता. भीमानं पाठीवरून आणलेलं मीठ त्यानं त्या कातड्याला चोळलं.

सोलापुरात आल्यावर त्यानं अस्थींचं गाडगं मथुराबाईच्या हातात दिलं. तिनं ते वच्छलेच्या पुढं ठेवलं. दाराआडून रडण्याचा आवाज आला नाही, त्याचीच रामहरीला जास्त धास्ती वाटली. आलागेला म्हणायचा, गव्यानं घात केला. रामहरी म्हणायचा, गव्यानं केला आणि माझ्या उशिरानं केला. हाकेसरशी ओढलं असतं तर भीमा आज जेवायला बसला असता.

आबासाहेबांनी त्या गव्याच्या डोक्यासाठी लाल झाकेचे काचेचे डोळे पाठवले होते. तोंड उघडं पाहिजे, नाकपुड्या फुगलेल्या पाहिजेत, असं सांगितलं होतं. खुनी दिसला पाहिजे, हे त्यांचे शब्द. रामहरीनं तो खुनी केला. दात काढले, भुवया उतरवल्या, लाल डोळे बसवले. कुठल्याच कामात त्याचा हात इतका त्वेषानं चालला नव्हता.

तुरटी संपली म्हणून एका मंगळवारी तो संगप्पाच्या दुकानी गेला. संगप्पा मीठ, तुरटी, सोमल विकायचा. घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी. बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर दुधनीकडची एक बाई डाळी मांडून बसली होती, तिची चिमुरडी रस्त्यात खेळत होती. अचानक एक बैल दावं तोडून गर्दीत घुसला. ती बाई उठून जिवाच्या आकांतानं ओरडली, "ओडु! ओडु!"

आणि पोरगी पळाली. एका दमात देवळाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. बैल निघून गेला.

रामहरी तुरटीचा खडा हातात धरून उभा होता. "संगप्पा," तो म्हणाला, "ती काय म्हनली?"

"पोरीला पळ म्हनली की."

"न्हाय. वड म्हनली ती."

"वड कशाला म्हनंल, रामहरीभाऊ? ओडु म्हंजी पळ. वड म्हनायचं तर आमी एळी म्हनतो." संगप्पा तराजूत तुरटी टाकत होता. वर बघून म्हणाला, "का हो? काय झालं?"

रामहरी वळला. तुरटी तिथंच राहिली. चन्नवीर त्याला पळ म्हणत होता. चितेपाशी आपण 'वड' म्हणालो, तेही त्याला 'ओडु'च ऐकू आलं असणार. ओढ असं कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणारा एकच होता, आणि तो सांगत होता, वडू नगस. उशीर झाला नव्हता. उशीर झाला असता, आणखी चार श्वास गवा बघत राहिला असता, तर भीमा आपल्या पायांनी वर आला असता.

त्या दिवशी त्यानं डोकं पुन्हा उसवलं. लाल डोळे काढून कोपऱ्यात टाकले. ओठ मिटवले, भुवया वर घेतल्या. साध्या काचेच्या गोट्या आणून त्यांच्या पाठीमागून त्यानं काळा रंग दिला आणि कडेला बारीक कुंचल्यानं निळा ओढला. असं का केलं, हे त्याला सांगता आलं नसतं. खोटं भरणं त्याच्या हातून होईना, एवढंच. मथुराबाई विचारायची, जेवायला येता का, आणि तो मानेनं नाही म्हणायचा. हे वच्छलेला सांगायचं कसं, ह्यापलीकडं त्याला दुसरा विचार नव्हता. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. रोज दाराआड तिच्या बांगड्या नसलेल्या हाताची सावली दिसायची आणि तो कामाच्या खोलीकडं वळायचा.

डोकं तयार झालं, तसा आबासाहेबांचा निरोप आला. उद्या गाडी पाठवतो, पण नेण्याआधी त्या बिचारीला दाखव. नवऱ्याचा वैरी कसा लोळवला ते बघून तिचा जीव शांत होईल. मोठ्या माणसांची दया अशीच असते, तिला नाहीही म्हणता येत नाही.

मथुराबाई वच्छलेला हाताला धरून कामाच्या खोलीत घेऊन आली. रामहरी उठून भिंतीपाशी सरकला. डोकं फळीवर होतं, दारातून उन्हाचा पट्टा त्याच्यावर पडला होता. वच्छलेनं पदर कपाळापर्यंत ओढला होता. तिच्या मुठीत काहीतरी होतं. अंगणातला दगड असावा. ती डोक्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पदर थोडा मागं सारून तिनं वर बघितलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिची मूठ सैल झाली आणि दगड जमिनीवर पडला.

"ह्यानं मारलं?" ती म्हणाली. "हे तर नुसतं बगतंय."

"अगं, जनावर हाय ते, त्याला काय..." मथुराबाई म्हणाली.

वच्छला वळली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं थोरल्या दिराच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"भावजी, ह्यानं न्हाय मारलं. मग कुनी मारलं?"

रामहरीच्या ओठांवर उशिराची ती जुनी गोष्ट आली. ती सोपी होती, सगळ्या बोळानं मान्य केलेली होती. पण समोर ते डोळे होते आणि ते त्यानंच केले होते.

"दोर माझ्या हातात हुता," तो म्हणाला. "भीमा म्हनला, वडू नगस. चन्नवीर म्हनला पळ, मी ऐकलं वड. गवा जागचा हलला न्हाय. मी वडलं, म्हनून त्यो पडला."

मथुराबाईनं तोंडावर पदर धरला. वच्छलेच्या चेहऱ्यावर एखादी पेटी बंद होताना दिसावं तसं काहीतरी मिटत गेलेलं रामहरीनं पाहिलं. तिनं पदर पुन्हा कपाळाच्या खाली ओढून घेतला. त्याच्याकडं पाठ केली आणि पहिल्यासारखी जावेकडं तोंड करून बोलली.

"आक्का, त्यांना इचारा, गवा नीट दिसला का."

मथुराबाईनं विचारायची गरजच नव्हती, तो चार हातांवर उभा होता.

"दिसला," रामहरी म्हणाला. "तिला सांग, नीट दिसला."